वाचकांचे प्रश्न : रिव्हॉल्व्हरला पॉलिगोनल नळी लावली तर ग्रुप सुधारेल का?

या महिन्यात रायफलिंगवर, म्हणजे गोळी फिरवणाऱ्या नळीच्या आतल्या पिळावर, चार पत्रं आली. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण त्यात विचारलेली गोष्ट लोक फार वेळा विचारतात आणि दर वेळी चुकीच्या जागी पैसे घालतात.

प्रश्न : सर नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षं झाली टेक्सासमध्ये आहे. इथल्या क्लबात दर शनिवारी २५ यार्डांवर .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने टार्गेट मारतो, गोळ्या शिशाच्या, घरीच ओततो, आणि काडतूस बहुतेक वेळा .३८ स्पेशल. पहिले दहा-बारा राउंड बरे जातात, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागतो, आणि साफ करताना नळीच्या मागच्या टोकाला, सिलिंडरच्या बाजूला, शिसं चिकटलेलं दिसतं. माझ्या मित्राकडे ग्लॉक पिस्तूल आहे, त्याचं बॅरल पॉलिगोनल, ते दोन मिनिटांत साफ होतं आणि नेमही छान. इथला एक कारागीर माझ्या रिव्हॉल्व्हरला पॉलिगोनल बॅरल बसवून द्यायला तयार आहे पण पैसे बरेच सांगतोय. बसवू का? दोन्ही प्रकारांत अॅक्युरसीचा फरक नेमका किती?

उत्तर : आत्ता बसवू नका. तुमच्या पत्रातच तुमच्या दुखण्याचं निदान आहे आणि ते रायफलिंगच्या आकाराचं नाहीये. पण तुम्ही मुळातला फरक विचारलाय तर आधी तो बोलू.

नेहमीच्या रायफलिंगमध्ये नळीच्या आतल्या गोल भिंतीत पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात, खाच म्हणजे ग्रूव्ह आणि दोन खाचांमधला जो उंचवटा राहतो तो लँड. लँडच्या कडा टोकदार असतात, त्या गोळीच्या अंगात रुततात आणि गोळी फिरवतात. पॉलिगोनलमध्ये अशा टोकदार कडाच नसतात, नळीचं भोक गोल नसून षटकोनी किंवा अष्टकोनी असतं, कोपरे गोलसर, आणि तो अख्खा आकारच पीळ घेत पुढं जातो, म्हणजे गोळीला खाच पडत नाही, ती दाबली जाऊन त्या आकाराची होते. फायदे खरे आहेत. कोपऱ्यात कचरा अडकत नाही, गोळीवरचं तांब्याचं जॅकेट कापलं जात नाही, गॅस गोळीच्या बाजूनं निसटायला जागा कमी मिळते म्हणून वेग थोडा जास्त मिळतो असं सांगतात. थोडा म्हणजे खरंच थोडा, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांत सुद्धा तेवढा फरक सहज निघतो.

आता पॉलिगोनल म्हणजे अचूक ही समजूत आली कुठून, तर ती फार जुनी आहे. आपल्याकडं शिरोलीच्या नाहीतर भोसरीच्या कुठल्याही टर्नरला व्हिटवर्थ हे नाव माहीत असतं, बीएसडब्ल्यू आटे, ५५ अंशाचा कोन. तोच जोसेफ व्हिटवर्थ. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारनं त्याला सांगितलं की एनफिल्ड रायफलीपेक्षा बरं काही होतं का बघा, आणि त्यानं षटकोनी भोकाची रायफल काढली, कॅलिबर (भोकाचा व्यास) .४५१ इंच, पीळ दर २० इंचाला एक फेरा. समोर १८५३ ची एनफिल्ड होती, कॅलिबर .५७७, पीळ ७८ इंचाला एक फेरा. १८५७ ला इंग्लंडमधल्या हाइथच्या चाचण्यांत ५०० यार्डांवर व्हिटवर्थचं सरासरी विचलन ०.३७ फूट आलं आणि एनफिल्डचं २.२४ फूट. सहापट फरक! जुलै १८६० ला विम्बल्डनच्या रायफल नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियानं स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा दोर ओढून केलं, ४०० यार्डांवरून गोळी मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. एवढं झाल्यावर षटकोनाचं नाव होणारच.

पण ते आकडे परत वाचा. पीळ जवळजवळ चौपट घट्ट, नळी बारीक, गोळी लांबुडकी आणि ती बनवणारा माणूस इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजणारा. यातला षटकोनाचा वाटा किती? थोड्याच वर्षांत विल्यम मेटफर्ड या इंग्लिश इंजिनीअरनं दाखवून दिलं की अगदी उथळ, गोलसर खाचांची साधी नळी सुद्धा लांब पल्ल्याला तितकीच चालते, पीळ आणि गोळी जुळली म्हणजे झालं. व्हिटवर्थ सैन्यानं घेतली नाही, महाग होती आणि काळ्या दारूच्या काजळीनं लवकर भरायची. मेटफर्डच्या खाचा १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये आल्या, पण कॉर्डाइट या नव्या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेनं त्या गोलसर उथळ खाचा भराभर झिजल्या म्हणून १८९५ ला परत पाच खोल चौकोनी खाचांची एनफिल्ड पद्धत आणावी लागली, तीच ली-एनफिल्ड, आपल्या पोलिसांनी कित्येक वर्षं खांद्यावर वागवलेली. म्हणजे गोलसर की टोकदार हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वीच एकदा होऊन गेलाय, आणि त्याचा निकाल दारू कुठली, गोळी कुठली यावर लागला, आकार बघून लागला नाही.

आता रिव्हॉल्व्हर. पिस्तुलात चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, नळीचाच भाग असतो, गोळी काडतुसाच्या केसमधून (पितळी नळकांड्यातून) सुटली की लगेच रायफलिंगला लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं नाही. गोळी आधी सिलिंडरमधल्या चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून जाते, त्याला थ्रोट म्हणतात, मग सिलिंडर आणि नळीमधली फट ओलांडते, ही फट चार ते आठ थाऊ असते, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, मग नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या तोंडात शिरते, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात, आणि मग कुठं रायफलिंग सुरू होतं. तुम्ही .३५७ च्या चेंबरमध्ये .३८ स्पेशल घालता, तिची केस १.१५५ इंच, मॅग्नमची १.२९, म्हणजे गोळीची उडी आणखी १३५ थाऊनं वाढली. आणि चेंबर एक नाही, सहा! प्रत्येकाचा थ्रोट वेगळ्या मापाचा असू शकतो, प्रत्येक जण नळीच्या रेषेत येतोच असंही नाही. एवढ्या सगळ्या दारांतून वाकडी झालेली, कुरतडलेली गोळी रायफलिंगपर्यंत पोचली की रायफलिंग तिला सरळ करत नाही, आहे तशी फिरवतं फक्त. वाकड्या गोळीला छान फिरवलं तर ती छान फिरत वाकडी जाणार, षटकोनातून गेली काय नि खाचांतून गेली काय.

आणि पॉलिगोनलचं जे मोठं भांडवल, गॅस अडवणं, ते तर रिव्हॉल्व्हरमध्ये त्या फटीतूनच निघून जातं. नळीत कितीही घट्ट सील मिळालं तरी मागं दार उघडंच आहे. (रशियन नागांत १८९५ मध्ये ही फट बुजवली होती, घोडा ताणला की सिलिंडरच पुढं सरकायचं आणि काडतुसाची केस नळीत शिरायची, पण त्यापायी चाप ओढायला फार जड झाला.)

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा शिसं. ग्लॉक कंपनी पॉलिगोनल बॅरलमध्ये नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं स्वतःच सांगते. मऊ शिशाला त्या गोलसर कोपऱ्यांत पकड कमी मिळते, गोळी थोडी घसरते, शिसं भिंतीला फासलं जातं, थर वाढत गेला की नळी अरुंद होते आणि प्रेशर चढतं. तुमच्या मित्राचं बॅरल दोन मिनिटांत साफ होतं कारण तो जॅकेटवाल्या गोळ्या मारत असणार, विचारून बघा. तुम्ही घरी ओतलेलं शिसं मारणार, म्हणजे तुम्ही बरोबर त्या बॅरलचा जो कमकुवतपणा आहे त्याच्यासाठी पैसे मोजणार. माझा सगळा विरोध इथंच आहे.

रिव्हॉल्व्हर किती अचूक होऊ शकतं हे बघायचं असेल तर तुमच्याच देशातली पीपीसी नावाची पोलिसांची स्पर्धा बघा, १५० राउंड, १५०० गुण, ७ यार्डांपासून ५० यार्डांपर्यंत. त्यासाठी कारागिरांनी जी रिव्हॉल्व्हर तयार केली ती रिव्हॉल्व्हरच्या अचूकतेचा कळस म्हणावी अशी, आणि त्यांच्यावर जाडजूड नळ्या बसवल्या त्या साध्या लँड-ग्रूव्हच्याच, गोळी १४८ ग्रेन वजनाची मऊ शिशाची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची. त्यांनी बदललं काय? पीळ. स्मिथ अँड वेसन कंपनीचा नेहमीचा पीळ १८.७५ इंचाला एक फेरा, तो ५० यार्डांवर वॉडकटरला कधी कधी अपुरा पडायचा म्हणून १४ इंच किंवा त्याहून घट्ट पीळ घेतला. कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हरला तर १९५५ पासून १४ चाच पीळ होता, तोही डावा. बाकी सगळी मेहनत सिलिंडर नळीच्या रेषेत आणण्यावर, थ्रोट एका मापाचे करण्यावर आणि फोर्सिंग कोन गुळगुळीत करण्यावर.

आता तुमचं निदान. शिसं नळीच्या मागच्या टोकाला साठतंय ही खूण आहे. पुढच्या तोंडाशी साठलं असतं तर मी म्हणालो असतो की गोळीवरचं ल्युब (वंगण) संपतंय. मागं साठतंय म्हणजे गोळी आत शिरतानाच तिच्या अंगाचं माप नळीपेक्षा कमी पडतंय किंवा तिथं काहीतरी खरखरीत आहे. सिलिंडर रिकामं करा, दोनदा बघा, बाहेर काढा, आणि तुमची ओतलेली गोळी एकेका थ्रोटमध्ये पुढच्या बाजूनं बोटानं दाबून बघा. हलक्या दाबानं घासत आरपार गेली तर थ्रोट ठीक. नुसती पडून गेली तर थ्रोट मोठा. अडकलीच तर थ्रोट बारीक, आणि बारीक थ्रोट हा फार छुपा चोर आहे, कारण तुम्ही .३५८ ची गोळी भरता, थ्रोट तिला दाबून .३५६ करतो आणि पुढं .३५७ च्या नळीत ती सैल जाते, बाजूनं गरम गॅस निसटतो आणि शिसं वितळवून तिथंच फासतो. तुमचं ल्युब बदलून, मिश्रधातू बदलून काही फरक पडत नाही मग. गंमत म्हणजे जुन्या .४५५ वेबली रिव्हॉल्व्हरमध्ये थ्रोट नळीपेक्षा बारीकच असायचे, पण तिथं गोळी मऊ शिशाची आणि बुडाला पोकळ होती, दारूच्या दाबानं बूड फुगून नळी भरून काढायचं. तुमची घरची गोळी सपाट बुडाची आणि कडक असेल तर ती फुगणार नाही.

थ्रोट ठीक निघाले तर दुसरा संशयित म्हणजे नळी जिथं फ्रेममध्ये आट्यांनी आवळलेली असते ती जागा. जास्त ताकदीनं आवळली की नळी तिथं आतून एक-दोन थाऊ आकसते. मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूहळू ढकलत नेला की त्या जागी हाताला लागतं, आधी सहज सरकणारा गोळा अचानक जड होतो. आणि ऐका, नवीन पॉलिगोनल बॅरल बसवणारा सुद्धा ते आट्यांनीच आवळणार आहे, म्हणजे तीच चूक परत होऊ शकते, महाग नळीत.

एक काम पैसे न घालता करा. मार्करनं चेंबरवर १ ते ६ आकडे घाला, सहा टार्गेट लावा आणि एका चेंबरचे सगळे राउंड एकाच टार्गेटवर, रेस्टवर हात ठेवून. एका चेंबरचा निदान दहाचा ग्रुप घ्या, पाचचा नको. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानं इतका लहान-मोठा होतो की दोन बॅरलची तुलना त्यावर करताच येत नाही, आणि त्याच बंदुकीचा दहाचा ग्रुप पाचच्या साधारण सव्वापट येतो हे नुसतं गणित आहे, तेव्हा कुणी पाचचा आणि कुणी दहाचा सांगून तुलना करत असेल तर ती सोडून द्या. मी स्वतः एका ओळखीच्या गृहस्थांच्या .३२ रिव्हॉल्व्हरवर हे केलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. ते दोन वर्षं मुठीची लाकडं बदलत होते, काडतुसं बदलत होते, स्वतःच्या हाताला दोष देत होते. पाच चेंबर एका जागी मारत होते आणि चौथा कायम खाली डावीकडं, सिलिंडर अडवणाऱ्या खटक्याची खाच तेवढी एक नीट बसत नव्हती. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, दोन वर्षं माणूस स्वतःला नावं ठेवत होता.

थ्रोट बारीक निघाले तर चांगल्या गनस्मिथकडून सहाही एका मापाला रीम करून (आतून कोरून) घ्या, .३५८ च्या आसपास, ते काम नव्या बॅरलच्या मानानं फार स्वस्त. मोठे निघाले तर गोळी मोठ्या मापाची साइझ करा. हे सगळं करून, जॅकेटवाल्या गोळ्या मारायचं ठरवून, तरीही मन होत असेल तर मग पॉलिगोनलचा विचार करा, तेव्हा माझी हरकत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत टूलरूममध्ये आहे. नळीच्या आत पीळदार षटकोन कसा काय पाडतात? टूल बाहेर कसं येतं?

उत्तर : टूल आत घालून कापत नाहीत, उलटं करतात. जाड, आखूड नळी घेतात, तिच्या आत कार्बाइडचं मँड्रेल (साच्याचं काम करणारा दांडा) घालतात, मँड्रेलवर हवा त्या आकाराचा पीळ उलटा कोरलेला असतो, आणि बाहेरून चारी बाजूंनी हातोडे इतक्या जोरानं आणि वेगानं मारतात की पोलाद थंड अवस्थेतच मँड्रेलवर बसतं आणि नळी लांबत जाते. पिळाच्या मार्गानंच मँड्रेल फिरत निघतं. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत मशिनगनच्या नळ्या भराभर पाडायला वाढली. गोलसर आकार या पद्धतीला सोयीचा, टोकदार कोपऱ्यात पोलाद भरायला जास्त जोर लागतो, मँड्रेलही लवकर झिजतं. म्हणून पॉलिगोनल आणि हॅमर फोर्जिंग ही जोडी बहुतेक वेळा एकत्र दिसते, आणि म्हणूनच ग्लॉक विरुद्ध अमुक अशी तुलना कुणी केली की तिथं आकाराची तुलना होत नाही, आकार, पद्धत, चेंबरचं माप सगळं एकदम बदललेलं असतं. साध्या रायफलिंगला हुकनं एकेक खाच कापायची जुनी पद्धत आहे, ब्रोच आहे, कार्बाइडचं बटण ओढायची पद्धत आहे, आणि स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या नळ्यांत विजेनं आणि क्षारद्रावणानं धातू विरघळवून खाचा पाडते, तुमच्याकडं ईसीएम म्हणतात तेच. त्यात खाचांच्या कडा किंचित मवाळ येतात, तरी ते रायफलिंग पारंपरिकच. तुम्ही त्या कामातले आहात म्हणून सांगतो, हॅमर केलेल्या नळीत ताण राहतो, तो नीट काढला नाही तर नंतर बाहेरून टर्निंग केल्यावर आतलं माप हलतं.

प्रश्न : मी नागपूरला फॉरेन्सिक सायन्स शिकतेय. पॉलिगोनल नळीतून गेलेल्या गोळीवर खुणाच राहत नाहीत हे खरं का?

उत्तर : राहतात, पण कमी आणि पुसट. साध्या नळीतल्या गोळीवर लँडचे ठसे स्वच्छ उमटतात, किती लँड, पीळ उजवा की डावा हे लगेच मोजता येतं. सहा खाचा आणि डावा पीळ दिसला की तपासणारा कोल्टचा विचार करतो, पाच आणि उजवा दिसला तर स्मिथ अँड वेसन किंवा रुगरचा. पॉलिगोनलमध्ये धारदार कडाच नाहीत, त्यामुळं कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली जुळवायला रेषा थोड्या मिळतात. हा त्रास इतका खरा होता की मायामी पोलिसांसाठी ग्लॉकनं नळीत मुद्दाम ओळखीच्या खुणा पाडलेली बॅरल काढली होती. केसवरच्या फायरिंग पिनच्या आणि ब्रीचच्या खुणांना मात्र रायफलिंगनं काही फरक पडत नाही.

प्रश्न : मी पुण्यात २५ मीटर पिस्तूल खेळते. आमच्या मॅच पिस्तुलांना पॉलिगोनल नळ्या का नसतात? पुढं घेताना विचार करावा का?

उत्तर : राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सोनं ज्या प्रकारात जिंकलं तो तुमचा प्रकार, काडतूस .२२, गोळी शिशाची. पुरुषांच्या सेंटरफायर प्रकाराला बहुतेक जण .३२ स्मिथ अँड वेसन लाँग वापरतात, ९८ ग्रेनची वॉडकटर, तीही शिशाची. मुळात हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस, आपल्याकडच्या लायसन्सवाल्यांच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं तेच. शिसं, कमी वेग, कमी प्रेशर, इथं साध्या लँडची पकडच बरी पडते म्हणून तुम्हाला वेगळं काही दिसत नाही. प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा आहे आणि चांगली मॅच पिस्तूल स्टँडवर त्याच्या निम्म्यात ग्रुप देते, तेव्हा नळीचा विचार सोडा. काडतुसाचे चार-पाच वेगवेगळे लॉट आणा, त्याच पिस्तुलातून स्टँडवर मारून बघा, जो लॉट चालेल त्याच्या पेट्या सीझनभराच्या एकदम घेऊन ठेवा.